कुंकवावर आळ

थंड करणं हा माझा धंदा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मी युटिलिटी खात्यात आहे. कूलिंग टॉवर, चिलर, पंप आणि पाण्याचं तापमान, एवढंच माझं काम. टॉवरमध्ये जाणारं पाणी किती अंशांवर आहे आणि बाहेर पडणारं किती, या फरकावर माझा दिवस चांगला की वाईट ते ठरतं. ही खोड घरीही सुटत नाही. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवणारा आमच्या सरावलीच्या इमारतीतला मी बहुधा एकटाच. बायको पाहुण्यांना तो दाखवते आणि म्हणते, "आमच्याकडे दुधाला ताप आला तरी लगेच कळतं."

त्यामुळे माझी फजिती व्हायचीच होती तर ती निदान दुसऱ्या कुठल्या विषयात व्हायला हवी होती.

बायकोचं माहेर चिंचणीचं. तिकडे दागिन्यांचे ठसे कोरण्याचा जुना धंदा आहे. पोलादाच्या तुकड्यात फूल, वेल, मोराची मान उलटी कोरायची आणि मग त्यावर सोन्याचांदीचा पत्रा ठोकून दागिना उठवायचा. सगळे त्याला डायचं काम म्हणतात. माझे सासरे आयुष्यभर तेच करत आले आणि आता मेहुणा करतो. घरातल्या मुलींना कोरायला बसवत नसत. तिच्या वाट्याला ठसे घासायचं, पुसायचं आणि तेल लावून ठेवायचं काम आलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने बोईसरला क्लास लावला आणि कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइनं करायला शिकली. सुरुवातीला भावाचीच कामं करायची. डिझाइन तिचं असायचं आणि गिऱ्हाइकाकडे जायचं भावाच्या नावाने.

मग पालघरच्या एका सराफाने, हे काम नक्की करतं कोण, अशी चौकशी केली आणि थेट तिला फोन केला. त्याला दिवाळीसाठी हार, कानातले आणि बांगड्यांचा नवा संच हवा होता. आधी कॉम्प्युटरवर केलेली चित्रं दाखवायची, पसंत पडली की ठसे तिच्या भावाकडून करून घ्यायचे, मात्र डिझाइन तिच्या नावावर. ही तिची पहिली स्वतःची ऑर्डर. ती हातची गेली असती तर तिला पुन्हा भावाच्या नावाखाली जावं लागलं असतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते माहीत होतं. पुढे जे घडलं ते मला माहीत असताना घडलं, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

कॉम्प्युटर तिने तिच्या कमाईतून घेतला होता. दागिन्याचं डिझाइन तयार झालं की त्याचं खऱ्यासारखं चित्र काढायचं काम आतलं ग्राफिक्स कार्ड करतं. सोन्यावर उजेड कसा पडेल, खड्यातून तो कसा वाकेल, याचं गणित ते करतं आणि ते करताना तापतं. एका मोठ्या चित्राला दीड तासाच्या आसपास वेळ लागायचा. एकदा जेवताना ती सहज म्हणाली की बांगड्यांना जरा जास्तच वेळ लागतोय. तेवढंच तिचं वाक्य. मी ते तक्रार म्हणून नोंदवून घेतलं.

कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्ड जास्त वेगाने पळवता येतं. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. त्यासाठी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर असतं. ती घरात नसताना मी ते टाकलं, आकडा थोडा थोडा वाढवत नेला आणि जिथे मशीन अडखळलं तिथून एक पायरी मागे आलो. शंभर मिनिटांचं चित्र ब्याण्णव मिनिटांत निघू लागलं. मी तिला मोठ्या आनंदाने हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." ती नेहमी चित्र लावून स्वयंपाकाला जायची, कपडे वाळत घालायची, पाणी भरायची आणि सगळं आटोपून परत येऊन बघायची. त्या वाचलेल्या आठ मिनिटांचं तिला काही करायचं नव्हतं. मी वाचवली म्हणून ती मिनिटं वाचली होती, बाकी कुणाला ती नको होती. हे मला खूप नंतर सुचलं.

वेगाबरोबर तापमान वाढलं. पूर्वी शहात्तर अंशांवर असायचं, ते चौऱ्याऐंशीवर गेलं. कार्डाचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडायला लागले. ती मुकाट्याने खोलीचं दार लोटून घ्यायची. मी मात्र चौऱ्याऐंशी हा आकडा डोक्यात घेऊन कारखान्यात जायचो आणि तोच घेऊन परत यायचो.

माझ्या जुन्या, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा भला मोठा हीटसिंक होता. तांब्याच्या चार नळ्या, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत आणि बाजूला एक पंखा. प्रोसेसरसाठी बनलेली ही वस्तू कार्डावर बसत नाही, कारण भोकांचं अंतर वेगळं असतं. मी ठरवलं की बसवायचीच. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे दोन तुकडे कापले, त्यांना कार्डाच्या मापाची भोकं पाडली, हीटसिंकच्या जुन्या पकडी काढून त्या जागी पट्ट्या आवळल्या. एका कोपऱ्यातली पाती कार्डावरच्या एका भागाला टेकत होती, ती कानशीने घासून मागे नेली. बूड आरशासारखं होईपर्यंत पॉलिश पेपरवर फिरवलं. हे सगळं मी गॅलरीत बसून सुट्टीच्या दिवशी करायचो. ती येता जाता बघायची. हे काय चाललंय, असं तिने एकदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तुझंच काम." ती म्हणाली, "माझं काम आत आहे." मी हसलो. मला ती थट्टा वाटली.

आता फक्त बसवायचं राहिलं होतं. तिचं मशीन मात्र मोकळं मिळत नव्हतं, कारण दिवाळीच्या संचाची चित्रं सुरू होती. तेवढ्यात दसरा आला.

तिच्या माहेरी दसऱ्याला हत्यारं पुजतात. छिन्न्या, कानशी, हातोड्या, ठशांचे ठोकळे धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची ती एक दिवसाची विश्रांती. लग्नानंतर आमच्या घरी तिची हत्यारं म्हणजे विळी आणि शिवणाचं मशीन होतं. आता कॉम्प्युटर आला होता. त्या सकाळी तिने तो पुसून घेतला, कॅबिनेटच्या वर पाच बोटांनी हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि सासऱ्यांनी तिला दिलेला एक जुना ठसा शेजारी मांडला. जेवणं झाल्यावर ती चिंचणीला आईकडे गेली. मी संध्याकाळी सोनं वाटायला येतो म्हणालो.

आमच्या कारखान्यात मोठ्या दुरुस्त्या सुट्टीत होतात. प्लांट बंद असतो, कुणाची घाई नसते, त्याला शटडाउन म्हणतात. दिवाळी असो की दसरा, बाकीच्यांच्या सुट्टीत माझं खातं कामाला असतं. ती सवय माझ्या हाडात इतकी मुरली आहे की पुजलेलं बंद मशीन बघून माझ्या मनात एकच गोष्ट आली: उद्या सकाळपर्यंत मोकळं आहे. तिच्या घराण्यात हात लावायचा नसलेला दिवस हा माझ्यासाठी हात लावायचा दिवस ठरला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात दुसऱ्या खात्याच्या यंत्राचा साधा नट सैल करायचा तरी मी परमिट घेतो. ज्यांचं यंत्र, त्यांची त्यावर सही लागते. सही नसेल तर मी पान्हा उचलत नाही आणि माझ्या हाताखालच्या कुणी उचलला तर त्याला सोडत नाही. माझं तिकडे त्याबद्दल नाव आहे.

मी फूल उचलून खिडकीत ठेवलं. कॅबिनेटच्या वरचं हळदकुंकू ओल्या फडक्याने नीट पुसून घेतलं, कारण झाकण काढताना ते आत पडायला नको होतं. मग कार्ड काढलं आणि त्याचा मूळचा कूलर सोडवला. त्याच्या खाली, कार्डावरच्या लहान काळ्या चौकोनी भागांना, करड्या रंगाच्या मऊ पट्ट्या चिकटल्या होत्या. नव्या पंपांच्या खोक्यात फोमचे तुकडे येतात, वाहतुकीत धक्का बसू नये म्हणून. मला त्या तशाच वाटल्या. एकेक पट्टी नखाने सोलून काढली, उरलेला चिकटा स्पिरिटने पुसला, कार्ड लखलखीत केलं आणि पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. मग कार्डाच्या मधल्या मुख्य चिपवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून माझा हीटसिंक आवळला. तो इतका जड होता की कार्ड एका बाजूला वाकू लागलं, म्हणून वरच्या दांडीला तांब्याच्या तारेने टांगून धरलं. कॅबिनेटचं दार आता लागत नव्हतं. ते काढून ठेवलं.

मशीन सुरू करून पूर्ण भार टाकला. तापमान चढत चढत एकसष्टवर येऊन थांबलं. ते तिथेच राहिलं. मी बराच वेळ खुर्चीत बसून नुसता तो आकडा बघत होतो. चौऱ्याऐंशीचे एकसष्ट. तेवीस अंश. कारखान्यात एवढा फरक मिळवून दिला असता तर साहेबांनी हार घातला असता. मी फूल पुन्हा वर ठेवलं. हळदकुंकू पुन्हा लावावं हे मला सुचलंच नाही.

संध्याकाळी चिंचणीला सगळ्यांना आपट्याची पानं देऊन झाल्यावर मी ते सांगितलं. तिला एकटीला सांगायला हवं होतं, पण मी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण आकडा चांगला होता. सासूबाई पान हातात तसंच धरून म्हणाल्या, "आज हात लावलात? जावईबापू, आमी आज हात नाय लावत."

मी म्हणालो की मशीन बंदच होतं, कामाचा खोळंबा झाला नाही. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, कंपनीचा टॉवर घरात आणून बसवलात की काय?" सगळे हसले. बायको चहाचे कप गोळा करायला उठली. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, की विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तू नको म्हणाली असतीस." ती म्हणाली, "म्हणूनच."

पुढच्या दिवसांत तिने हार आणि कानातल्यांची चित्रं काढून सराफाला पाठवली. त्याचा फोन आला की चित्रात सोन्यावर बारीक ठिपके आहेत, हिरवे आणि गुलाबी, कुणीतरी शिंपडल्यासारखे. गिऱ्हाइकाला ते खडे वाटतील. तिने मोठं करून बघितलं तर खरंच होते. घाईत तिच्या नजरेतून सुटले होते. पुन्हा चित्र लावलं तर ठिपके वाढले. तिसऱ्यांदा लावलं तर अर्ध्यावर पडदा काळा होऊन मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. सराफाने सांगून ठेवलं होतं की चित्रं या आठवड्यात हवीत, नाहीतर त्याला जुन्या ठशांवरच दिवाळी काढावी लागेल.

तिने मला विचारलं. मी आधी तापमान बघितलं. एकसष्ट.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई आणि मेहुणा आले होते. मेहुण्याला बांगडीची मापं हवी होती आणि सासूबाईंनी चिकू आणले होते. मेहुण्याने उघड्या कॅबिनेटमध्ये डोकावून तारेने टांगलेला हीटसिंक बघितला आणि म्हणाला, "याला सलाईन लावलंय का?" मला ते लागलं. आमच्याकडे दोष शोधायची एक पद्धत असते. जी कारणं असू शकतात ती एकेक करून वजा करायची आणि जे उरेल ते कारण. थंड करण्यात खोट नाही, कारण एकसष्ट. वीज ठीक आहे. सॉफ्टवेअर तेच. वजा करता करता एकच गोष्ट उरली आणि ती मी सगळ्यांसमोर बोललो.

"कुंकू," मी म्हणालो. "तू वरून कुंकू वाहिलंस, ते जाळीतून आत गेलं. कार्डावर बसलं असणार."

सासूबाई म्हणाल्या, "कुंकवानं कदी काय बिघडत नाय." त्या माझ्याशी वाद घालत नव्हत्या, चिकूची पिशवी सोडत खाली बघून बोलल्या. बायकोने कॅबिनेटकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे. म्हणाली, "थोडंच होतं." मी म्हणालो, थोडंही पुरतं.

त्या क्षणी मला एक गोष्ट पूर्ण आठवत होती. वरचं हळदकुंकू मीच ओल्या फडक्याने पुसलं होतं, कार्डही मीच स्पिरिटने पुसलं होतं, आणि आत लाल असा एक कणही मला दिसला नव्हता. वजाबाकी करताना हा आकडा मी मांडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मी घरी होतो. कारखान्यातली लांबून तापमान मोजायची बंदूक मी साहेबांना विचारून आणली होती. कुंकू कुठे बसलंय ते सापडलं तर पुसून टाकू, एवढाच विचार. तिने चित्र लावलं होतं आणि मी टेबलाच्या मागे गुडघ्यावर बसलो होतो. हीटसिंकवर बंदूक धरली. अठ्ठावन्न. चिपच्या जवळ धरली. साठ. मग सहज, नुसता हात सरकला म्हणून, शेजारच्या त्या काळ्या चौकोनी भागांवर धरली. एकशे सहा. मला वाटलं बंदूक चुकली. पुन्हा धरली. एकशे सात. त्यातल्या एका भागाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

तेव्हा उलगडलं. मूळचा कूलर एकट्या चिपला थंड करत नव्हता. त्या मऊ करड्या पट्ट्यांमधून तो आजूबाजूच्या मेमरीची आणि वीज सांभाळणाऱ्या भागांचीही उष्णता ओढून घेत होता. त्या पट्ट्याच मी घाण म्हणून सोलल्या होत्या. माझ्या हीटसिंकखाली फक्त चिप होती. सॉफ्टवेअरही फक्त चिपचाच आकडा दाखवत होतं. बाकीचे भाग इतके दिवस उघडे भाजत होते आणि त्यांचा आकडा कुठेच दिसत नसल्यामुळे माझ्या लेखी ते नव्हतेच.

मी बंदूक हातात घेऊन तसाच बसलो होतो आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला ती सराफाशी फोनवर बोलत होती. फोन स्पीकरवर होता, कारण तिचा एक हात माउसवर होता. ती म्हणाली की दसऱ्याला पूजा केली तेव्हा माझ्या हातून मशीनमध्ये कुंकू पडलं, त्यामुळे ठिपके आले, चूक माझी आहे, दोन दिवस द्या. तिकडून हसण्याचा आवाज आला. सराफ म्हणाला, "ताई, देवाला आणि मशीनला जरा वेगवेगळं ठेवत जा." दुकानात आणखी कुणीतरी होतं, त्यालाही त्याने ते सांगितलं आणि तोही हसला. ती पण हसली. गिऱ्हाइकासमोर हसतात तसं.

बंदुकीच्या पडद्यावर एकशे सात तसाच उमटलेला होता.

तिने फोन ठेवल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पट्ट्यांसकट, ओल्या फडक्यासकट. तिने मध्येच तोडलं नाही. मग एकच प्रश्न विचारला.

"हे तुम्हाला फोनच्या आधी कळलं की नंतर?"

"फोन चालू होता तेव्हा."

"मग हात वर करायला काय झालं होतं?"

मी बंदूक टेबलावर ठेवली. तिने पडद्यावरचं चित्र बंद केलं. मग म्हणाली की मशीन कंपनीने दिलं होतं तसं करून द्या, वेगसुद्धा होता तसा, आणि आजच. मी तिला म्हणालो की सराफाला मी खरं काय ते सांगतो. ती म्हणाली, "नको. एकदा सांगून झालं. परत फोन केला की दोनदा हसतील."

मी रजा टाकली. बोईसरला स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात त्या पट्ट्या मिळाल्या. थर्मल पॅड म्हणतात त्यांना, दुकानदाराने न विचारता माप लावून कापून दिल्या. घरी येऊन हीटसिंक सोडवला, मूळचा कूलर बसवला, वेग उतरवला. शहात्तर अंश. त्या काळ्या भागांच्या मागच्या बाजूने बंदूक धरली तर ब्याऐंशी. माझ्या सगळ्या कामाचा हिशेब शून्यावर आला होता, आणि शून्य हाच त्यातला सगळ्यात चांगला आकडा होता. नशिबाने कार्ड पुरतं भाजलं नव्हतं. ठिपके गेले. तिने सगळी चित्रं पुन्हा काढली, तीही जुन्या वेगाने, आणि मधल्या वेळात नेहमीसारखी घरातली कामं करत राहिली. चित्रं वेळेत गेली. सराफाला हार फार आवडला.

हे इथे संपायला हरकत नव्हती. पण मला चैन पडेना. दुकानातलं ते हसणं कानात बसलं होतं. चार दिवसांनी, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, टॉवरच्या मागे जाऊन मी सराफाला फोन लावला. नंबर तिच्या फोनमधून बघून घेतला होता. मी ताईंचा नवरा बोलतोय म्हणालो आणि सांगितलं की कुंकवाचा काही संबंध नव्हता, दोष पूर्ण माझा होता. तो म्हणाला, "असू द्या हो साहेब." मी म्हणालो, असू द्या नाही, ऐका, चिप एकसष्टवर होती पण मेमरी एकशे सहावर होती. मग पट्ट्यांचं सांगितलं, हीटसिंकच्या वजनाचं सांगितलं. मी जितके आकडे सांगत गेलो तितकी त्याची खात्री होत गेली की मी पाठ करून आलोय.

शेवटी तो म्हणाला, "साहेब, बायकोची चूक अंगावर घेणारा नवरा मी पहिल्यांदा बघतोय. ताई नशीबवान आहेत."

टॉवरचं पाणी पडत होतं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. चूक झाली नव्हती.

त्याने ते तिला सांगितलं, हे वेगळं सांगायला नको. पसंत पडलेली डिझाइनं पक्की करायला ती पालघरला दुकानात गेली तेव्हा त्याने चार माणसांत माझं कौतुक केलं. घरी आल्यावर तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकाला फोन केलात?"

"खरं सांगायला केला."

"परमिट घेतलंत?"

परमिटचं मी तिला कारखान्यातल्या गप्पांमध्ये कितीदा तरी सांगितलं होतं. ती पुढे म्हणाली, आवाज न चढवता, "मशीन उघडलंत तेही माझ्या चांगल्यासाठीच होतं. आता तिकडे मी कुंकू सांडणारी आणि तुम्ही देवमाणूस."

तो फोन मी माझा भार उतरवायला केला होता, हे तेव्हा कळलं. भार उतरला नाही, उलट तिच्यावर आणखी थोडा ठेवून आलो. म्हणून नंतर तिला विचारलं की आता मी काय करू. हा प्रश्न विचारायला मला एवढा वेळ लागला, याची लाज बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे. तिने विचार करून सांगितलं, "आईला सांगा. दादाला सांगा. दुकानाचं मी बघून घेते. तिथे तुम्ही बोलायचं नाही."

मी चिंचणीला जाऊन सांगितलं. मेहुणा म्हणाला, "म्हणजे भाऊजी, थंड करणारा माणूसच फेल?" आणि मनसोक्त हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आता ती पुढल्या दसऱ्याला वाहील का कुंकू?" मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बगा मंग," आणि आत गेल्या.

सराफाची कामं तिला येत राहिली, तिच्याच नावावर. दर खेपेला तो फोनवर काहीतरी बोलतो. पूजा लांबूनच ना ताई, साहेब बरे आहेत ना, तेच मोठ्या मनाचे? ती हसते आणि बांगडीच्या मापाकडे वळते. मी खोलीत असलो तर उठून जातो, किंवा बसून राहतो. दोन्ही सारखंच आहे.

पुढचा दसरा आला. सकाळी ती पाट मांडत होती आणि मी दारात उभा होतो. तिने सासऱ्यांचा ठसा पुसला, विळी पुसली. कॉम्प्युटर पुसला आणि त्यावर फक्त फूल ठेवलं. कुंकवाची कोयरी हातात होती तरी तिकडे बोट गेलं नाही. मी म्हणालो, "त्याला लाव ना." ती म्हणाली, "नको. सवय गेली."

मग ती गॅलरीत गेली आणि कपाटामागे मी टाकून ठेवलेला तो हीटसिंक घेऊन आली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आवळलेल्या, घासलेल्या कोपऱ्यासकट. त्याच्यावर वर्षाची धूळ होती. ती तिने फुंकरीने उडवली, उरलेली पदराने पुसली आणि तो ठशाच्या शेजारी पाटावर ठेवला. मग कोयरीत बोटं बुडवून त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, भरपूर, मोकळ्या हाताने.

"हे तुमचं हत्यार," ती म्हणाली. "आज हात लावायचा नाही."

थट्टा होती की राग होता, हे मी विचारलं नाही. कुंकू पात्यांच्या फटीत खोल गेलं आहे. ते काढायचं तर स्पिरिट आणि बारीक ब्रश लागेल, अर्ध्या तासाचं काम आहे. हीटसिंक अजून तसाच, तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आहे.